चिंचेखालची बाटली

“मॅडम, रोज दहा किलोमीटर पळलं की पाळी बंद होते, हे खरं हाय का? आणि खरं असंल, तर ह्या दोघींनी अजून किती पळायचं?”

दामिनीनं प्रश्न असा काही ठणकावून विचारला की मागच्या बाकावर मोनालीला ठसकाच लागला आणि मेघानं रुमाल तोंडात कोंबला. पैज सकाळीच लागली होती, मेट्रोच्या सरकत्या जिन्यावर. हे डॉक्टर मॅडमला डोळ्यांत डोळे घालून विचारायचं. विचारलं तर मोनालीनं आठवडाभर दामिनीची बुटांची पिशवी वाहायची, नाही विचारलं तर दामिनीनं मोनालीची. दामिनी कोणाला घाबरते? दोन वर्षांपूर्वीची दामिनी घाबरायची. ती आठवीतली दामिनी वर्गात ‘हजर’ म्हणायची ते तिच्या तिलाच ऐकू यायचं, आणि एका महिन्यात तिची तीनदा गैरहजेरी लागली होती, बाकावर बसल्या बसल्या. मग मैदानावर सराव घेणाऱ्या चंद्रभान सरांनी तिला पळताना पाहिलं. मग जिल्ह्याची पंधराशे मीटरची शर्यत आली, पहिला नंबर आला, कोणीतरी माइक तोंडापुढे धरून नाव विचारलं, आणि तिनं नाव इतक्या मोठ्यानं सांगितलं की माइकच किंचाळला. तेव्हापासून तिचा आवाज खाली आलेला नाही. आई म्हणते, हिनं घशात भोंगा बसवून घेतला.

गार्गी मॅडम हसल्या नाहीत. प्रतापनगरातला त्यांचा दवाखाना खालच्या मजल्यावर, खिडकीत गोणपाटानं गुंडाळून ठेवलेला कूलर, टेबलावर तीन मुलींचे तीन फॉर्म. राज्य शालेय स्पर्धेला तीन आठवडे उरले होते आणि डॉक्टरच्या सहीशिवाय संघाबरोबर जाता येत नव्हतं. मॅडम सरांच्या ओळखीतल्या, स्वतः कधीकाळी खो-खो खेळलेल्या. त्यांनी मोनालीच्या फॉर्मवर सही केली, टोपण न लावताच पेन खाली ठेवलं आणि म्हणाल्या, “होऊ शकते. तुझी झालीय?”

“हो!” दामिनी म्हणाली. जिल्ह्यात पहिली आलीस का असं कोणी विचारलं असतं तर म्हणाली असती, अगदी तसंच. “होळीच्या आधी आली होती. आता आठ महिने होतील.”

“आणि त्याच्या आधी?”

“कधी दोन महिन्यांनी, कधी तीन. हळूहळू सुटली मी.”

“आईला माहीत आहे?”

“हो. आईनं चेक केलं ना.”

“काय चेक केलं?”

इथे दामिनीचा भोंगा बंद पडला. तिनं काचेच्या गोळ्याकडे पाहिलं, ज्याच्याखाली फॉर्म दाबून ठेवले होते. मॅडमनी मोनाली आणि मेघाला बाहेर सरांजवळ बसायला सांगितलं. दार लागलं. दामिनी त्या गोळ्यालाच म्हणाली, “पट्टी. एक रेघ आली.”

“मग?”

“मग काही नाही. मग आईनं खीर केली.”

मॅडमनी तिला टेबलावर बसवलं, पोट तपासलं, डोळ्यांची पापणी खाली ओढून पाहिली, वजनकाट्यावर उभं केलं, आणि पाय दुखतात का विचारलं. दामिनी नाही म्हणाली. मॅडम डाव्या नडगीवरून अंगठा खाली खाली आणत गेल्या, जसं कोणी भिंतीवर खिळा कुठे ठोकावा ते चाचपतं, आणि एका जागी थांबल्या. बोटभर जागा. तिथे दाबलं. दामिनीनं दातावर दात ठेवले आणि भिंतीवरच्या कॅलेंडरमधले रविवार मोजले. “दुखलं,” मॅडम म्हणाल्या. विचारलं नाही, सांगितलं.

आणि मग ते कूलरचं. ते तिच्या डोक्यात असं बसलं की मेट्रोत चढेपर्यंत, चढल्यावर, सीताबर्डीला गाडी बदलताना, ते निघता निघेना. मॅडमनी खिडकीकडे बोट केलं होतं आणि विचारलं होतं, उन्हाळ्यात लाइट गेली की इन्व्हर्टरवर काय काय चालवता? आमच्याकडे इन्व्हर्टर कुठला मॅडम, शेजारच्या काकांकडे आहे, एक पंखा आणि एक बल्ब चालतो. कूलर? कूलर कसा चालंल, दहा मिनिटांत बसून जाईल सगळं! “बघ, तुला माहीतच आहे,” मॅडम म्हणाल्या. “तू दहा किलोमीटर पळतेस आणि खातेस चिमणीएवढं. आलेला करंट पुरत नाही. मग शरीर काय करतं? पाय चालू ठेवतं, श्वास चालू ठेवतं. पाळीवाचून आजचा दिवस निघतो ना, मग तो कूलर बंद. तुझ्यात पाळी आणणारी जी द्रव्यं असतात, तीच हाडंही घट्ट ठेवतात. ती आटली की हाडं कच्ची राहतात, आणि तुझ्या वयात तर हाडं आत्ता भरायची असतात. ह्या नडगीला बहुतेक बारीक चीर गेली आहे. फोटो काढू. रक्तही तपासू, कारण दुसरंही काही असू शकतं. पळणं वाईट नाही, पोरी. असं उपाशी पळणं वाईट. आई-बाबांना घेऊन ये. आज मी सही करत नाही.” आणि फॉर्म परत दिला. कोरा.

बाहेर चंद्रभान सर पेपरची घडी मांडीवर ठेवून बसले होते. पलटणीतून निवृत्त होऊन बारा वर्षं झाली तरी बाकावर टेकून न बसणारे सर. “झालं? फिट?” त्यांनी विचारलं. आणि दामिनी म्हणाली, “हो सर.” तिनं ठरवून नाही म्हटलं ते, तोंडानं आपलं आपण म्हटलं, ज्या तोंडाला दोन वर्षांत नाही म्हणायची सवयच राहिली नव्हती. सर ‘शाब्बास’ म्हणाले आणि मोटारसायकलला किक मारून गेले.

मेट्रो घरांच्या गच्च्यांवरून चालली होती. गच्च्यांवर टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, एका गच्चीवर एक बाई संत्र्याची साल उन्हात पसरून बसलेली. दामिनीला एरवी हे वरून पाहायला फार आवडायचं, सगळं शहर जणू तिच्यासाठी रांगेत उभं आहे आणि ती मागे टाकत चालली आहे. आज शहर आपल्या जागी होतं आणि तीच कुठेतरी मागे पडत होती. मोनाली समोर बसली होती, मांडीवर स्वतःची पिशवी आणि तिच्यावर दामिनीची. पैज म्हणजे पैज.

“सही नाही दिली ना तुले?” मोनालीनं विचारलं. “टेन्शन नको घेऊ बे. आपल्या कामठीत स्टँडमागचा तो डॉक्टर मान वर न करता सही देते. माह्या मोठ्या भावाले लायसनसाठी दिली, आणि त्याले तर डाव्या डोळ्यानं दिसतच नाही.”

मेघा हसली नाही. ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, “मले वाटे तूच नशीबवान. मी तर बुद्धासमोर मेणबत्ती लावताना मागत होती, मले बी दामिनीसारखं होऊ दे म्हणून.”

हे ऐकून दामिनीनं मेघाकडे पाहायचं टाळलं. कारण तिला माहीत होतं की मेघा खोटं बोलत नाही, आणि तिला हेही माहीत होतं की मेघा काय म्हणते आहे. जिल्हा स्पर्धेत मेघाच्या फिकट चड्डीवर डाग पडला होता, शेवटच्या फेरीत, प्रेक्षकांच्या बाजूनं वळताना. मेघा पळत राहिली होती, सातवी आली होती, आणि मग दामिनीनंच आपलं जॅकेट तिच्या कमरेला गुंडाळलं होतं. गुंडाळताना मनात काय आलं होतं? कीव आली होती, हो. पण कीवेच्या खाली, अगदी तळाशी, गुदगुल्या झाल्यासारखा एक आनंदही होता की हे मला नाही. मी यातून वर गेले.

तिला वर नेलं होतं बाटलीनं. मैदानाच्या कडेला दोन झाडं आहेत, एक कडुलिंब, एक चिंच. सगळ्या मुली येतात त्या पाण्याच्या बाटल्या लिंबाखाली ओळीनं ठेवतात. चार वर्षांपूर्वी सरांनी एक नियम केला, आणि तो सांगताना त्यांनी सगळा वेळ स्टॉपवॉचकडे पाहिलं होतं असं मोठ्या मुली सांगत: ज्या मुलीला त्या दिवशी हलका सराव पाहिजे असेल तिनं आपली बाटली चिंचेखाली ठेवायची. मी कारण विचारणार नाही, तिनं सांगायचं नाही. बस्स. बाटली दिसली की सर तिला चार फेऱ्यांऐवजी दोन लावणार, आणि तेही चालत म्हणाली तर चालत. एका फौजी माणसाला याहून जास्त काय सुचणार? आणि खरं तर चांगलंच सुचलं होतं. दुसऱ्या मैदानांवरच्या मुली पोट दाबून पळतात, पोटदुखीची नाही तर ताप आल्याची थाप मारतात. यांच्याकडे झाड होतं. महिन्यातून तीन-चार दिवस मोनालीची पिवळी बाटली तिकडे, मग मेघाची स्टीलची तिकडे, बाटल्या अशा इकडून तिकडे फिरत राहायच्या, जशा पाहुण्या येतात आणि जातात. दामिनीची निळी बाटली पहिल्या वर्षी फिरली. मग तिचं फिरणं लांबलं. मग ती लिंबाखालीच बसली. एके दिवशी सर सगळ्यांसमोर म्हणाले, “हिची बाटली पाहा. पावसाळा गेला, हलली नाही. याले म्हणतात जिद्द.” त्यांना वाटलं, त्रास होत असूनही पोरगी सवलत घेत नाही. मुलींना वाटलं, हिची जादू झाली. आणि दामिनीला? दामिनीला इतकं छान वाटलं होतं की ती त्या दिवशी दोन फेऱ्या जास्त पळली. तेव्हापासून ती बाटली ठेवताना नीट लेबल पुढे करून ठेवायची, सगळ्यांना दिसेल अशी.

सीताबर्डीला गाडी बदलताना जिना उतरावा लागला आणि नडगीनं आठवण दिली. ही आठवण आज पहिली नव्हती. दसऱ्यापासून पहिल्या दोन फेऱ्यांना ती यायची, मग अंग तापलं की जायची, आणि घरी बाम लावला की सकाळपर्यंत विसरायची. गेल्या आठवड्यापासून ती जात नव्हती. बसलं तरी असायची, वर्गात, बाकाखाली, सूक्ष्म, हट्टी, जसा शेजारच्या खोलीत कोणीतरी एकच बोट टेबलावर वाजवत बसावं. तिनं कोणाला सांगितलं नव्हतं. सांगायचं तर बाटली उचलून तिकडे न्यायची, आणि आठ महिन्यांनंतर बाटली हलली असती तर सगळ्यांनी पाहिलं असतं.

ऑटोमोटिव्ह चौकात उतरून त्या कामठीच्या शेअर ऑटोत बसल्या, तिघी मागे, पुढे ड्रायव्हरच्या दोन्ही बाजूंना दोन माणसं. वारा लागायला लागला. आणि दामिनीला ती दुसरी ऑटो आठवली, पावसाळ्यातली, कन्हानची. आई त्या दिवशी कामाला गेली नव्हती. सुभद्रा, तिची आई, कधी मागासाठी कांड्या भरायचं काम चुकवत नाही; ताप असला तरी सूत गुंडाळत बसते. पण त्या दिवशी तिनं दामिनीला शाळेतून अर्ध्या सुट्टीत घेतलं आणि काही न बोलता कन्हानच्या ऑटोत बसवलं. नदीवरचा पूल लागला. मग पुलावर, खालून पाण्याचा आणि वरून ट्रकांचा आवाज येत असताना, आईनं तिच्या कानाशी तोंड नेलं आणि विचारलं, “कोणी पोरगा-गिरगा हाय का वं? खरं सांग. मी मारणार नाही.” दामिनीला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिला हसू आलं आणि हसता हसता ते रडूच झालं. पोरगा? तिला पोरगा कधी भेटणार, पहाटे पाचला मैदान, मग शाळा, मग पुन्हा मैदान! कन्हानला का, तर कामठीतल्या साऱ्या मेडिकलवाल्यांना आई ओळखत होती आणि ते आईला. कन्हानच्या दुकानात आईनं डोक्यावरून पदर घेतला, जो ती कधी घेत नाही, आणि पट्टी मागितली. बसस्टँडच्या मुतारीत, ओल्या फरशीवर उभं राहून, दामिनीनं ती पट्टी धरली. बाहेर आई दाराला पाठ लावून उभी होती, कोणी आत येऊ नये म्हणून. एक रेघ उमटली. दुसरी आली नाही. आईनं पट्टी उजेडात धरून पाहिली, तिरकी करून पाहिली, आणि मग ती तिथेच, मुतारीच्या बाहेर, पदरात तोंड खुपसून रडली, आणि डोळे पुसून म्हणाली, “चाल. मोकळं झालं.”

त्या संध्याकाळी आईनं खीर केली. बाबा घरी आले आणि त्यांनी ताटात खीर पाहून विचारलं, “आज काय हाय वं? पौर्णिमा हाय का?” आई म्हणाली, “असंच. मन झालं.” आणि दामिनीनं दोन चमचे खाऊन वाटी सरकवून ठेवली, कारण गोड खाल्लं की पाय जड होतात असं तिनं कुठेतरी ऐकलं होतं आणि मानलं होतं. आता ऑटोत, वाऱ्यात, तिला हे सगळं एकदम दुसऱ्याच बाजूनं दिसलं, जसा आपलाच वर्ग आपण कधी फळ्याच्या बाजूनं पाहावा. आईला एकच भीती माहीत होती. ती भीती खोटी निघाली, आणि आईनं मानलं की सगळंच ठीक आहे. आईनं चुकीचं दार लावलं आणि पहारा देत उभी राहिली. दामिनीला आईचा राग येईना. इतके महिने तिला तो यायचा, तो पुलावरचा प्रश्न आठवला की कानशिलं तापायची. आज तिला फक्त ती पाठ आठवत होती, मुतारीच्या दाराला लावलेली, पातळशी, कांड्या भरून भरून वाकलेली.

आणि ती स्वतः? तिला तरी काय माहीत होतं? भात सोडला तेव्हा वेळ सहा सेकंदांनी कमी झाली होती. मग दुसरी पोळी सोडली. मग शाळेचा डबा मोनालीला द्यायला लागली, आणि मोनाली म्हणायची, “तू उपाशी पळ, मी जेवून हरते.” भूक लागायची, सुरुवातीला. मग भूकही पाळीसारखीच कंटाळून गेली. आत शांत शांत झालं. दामिनीला वाटलं, ही शांतता म्हणजेच ताकद. आता तिला त्यांच्या मोहल्ल्यातली शांतता आठवली. कामठीत त्यांच्या गल्लीत दिवसरात्र माग चालतात, खटक-खटक, खटक-खटक, आणि त्या आवाजात पोरं झोपतात, म्हातारे दुपारची डुलकी काढतात. कोणाची झोप मोडत नाही. पण करंट गेला आणि सारे माग एकदम थांबले की गल्ली जागी होते. लेकरं रडायला लागतात. लोक दारात येतात आणि विचारतात, काय झालं? आवाजानं नाही, आवाज थांबल्यानं. तिच्या आत माग थांबून आठ महिने झाले होते आणि ती दारात आली नव्हती. उलट चादर ओढून म्हणाली होती, वा, काय मस्त झोप लागली.

स्टँडवर मोनालीनं पिशवी दिली. “उद्या मी घेते मैदानापासून. आणि सायंकाळी येऊ का त्या डॉक्टरकडे? फॉर्म हाय ना?” फॉर्म होता. बॅगेत, भूगोलाच्या पुस्तकात, घडी न घालता ठेवलेला. कोरी जागा होती तिथे कोणाचीही सही चालली असती. तीन आठवडे. एकच शर्यत, साडेचार-पाच मिनिटांची. एवढ्यात हाड काय तुटून पडणार आहे? आणि पळाली नाही तर? पळाली नाही तर ती कोण? वर्गात ‘हजर’ म्हणून कोणाला ऐकू न जाणारी. हे तिला नडगीपेक्षा जास्त दुखलं, आणि त्यातच ती गल्लीत शिरली, मागांच्या खटखटाटात, जिथे स्वतःचा श्वासही ऐकू येत नाही.

घरी बाबा आले होते. ताराचंद माग दुरुस्तीचं काम करतात. पंचवीस वर्षांच्या खटखटाटानं त्यांचे कान गेले आहेत, पूर्ण नाही, पण हळू बोललेलं त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. बिघडलेला माग मात्र ते अजूनही हात ठेवून ओळखतात. लाकडावर पंजा टेकवतात, डोळे मिटतात, आणि सांगतात, आत हे घासून राहिलं. भिंतीवर बुद्धाच्या फोटोमागे रेल्वेची तिकिटं खोचलेली होती. राज्य स्पर्धेसाठी पुण्याची, आई-बाबा दोघांची. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा चार दिवसांची सुट्टी मागून घेतली होती आणि साऱ्या गल्लीला सांगितलं होतं.

दामिनी आधी आत गेली, चुलीजवळ. आई पोळ्या लाटत होती. दामिनी हळूच म्हणाली, “आई, ते पाळीचं... मॅडम म्हणे ते बरोबर नाही. पट्टीचा त्याच्याशी संबंध नाही. आणि पायात—”

“हळू बोल,” आईचं लाटणं थांबलं. “तुह्ये बाबा हायेत.”

“बाबाले ऐकू नाही येत आई.”

“शेजाऱ्यांले येते.”

आणि आईनं तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत पुन्हा तो पूल होता, तो पदर. आईचा पिठाचा हात हवेतच राहिला. बाहेरून बाबांची हाक आली, “काय म्हणे डॉक्टर? दिली का सही?”

दामिनीला वाटलं, हळू बोलून हे घर चालवता येणार नाही. कुजबुजीनंच तर इथवर आणलं होतं. सर बाटलीशी बोलत होते, आई पट्टीशी, आणि ती स्वतः बामाच्या डबीशी. तिनं आईचा पिठाचा हात धरला, तिला बाहेरच्या खोलीत आणलं, बाबांसमोर उभी राहिली आणि घशातला सगळा भोंगा लावून म्हणाली,

“बाबा! माझी पाळी आठ महिन्यांपासून आली नाही!”

शेजारच्या घरातला टीव्ही एकदम बारीक झाला.

बाबांनी आईकडे पाहिलं. आई भिंतीकडे. “आठ महिने?” बाबा म्हणाले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, त्यांना हळू बोलताच येत नाही. “मंग मले काहून नाही सांगितलं कोणी?”

“मी पाहिलं होतं,” आई म्हणाली. “मले वाटलं, एवढं नाही तर मंग काहीच नाही...”

“आई घाबरली होती बाबा. आणि मी खुश होती. दोघीबी चुकलो,” दामिनी म्हणाली. मग तिनं डावा पाय पुढे केला आणि बाबांचा हात धरून नडगीवर ठेवला, त्या बोटभर जागेवर. बाबांनी डोळे मिटले. मागावर ठेवतात तसा पंजा ठेवला, हलका. या वेळी दामिनीनं दातावर दात ठेवले नाहीत. ती “आई गं!” म्हणून ओरडली, चांगली मोठ्यानं, आणि ओरडल्यावर तिला इतकं बरं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. बाबांनी हात काढून घेतला, चटका बसल्यासारखा.

“कधीपासून पळून राहिली यावर?”

“दसऱ्यापासून. उपाशी. कूलर बंद करून.” ते कूलरचं बाबांना कळलं नाही; नंतर सांगता आलं असतं.

बाबांची नजर फोटोमागच्या तिकिटांवर गेली आणि लगेच खाली आली. त्यांना ती तिथे गेलेली दाखवायची नव्हती. पण दामिनीनं पाहिलं. तिनं बॅगेतून भूगोलाचं पुस्तक काढलं, त्यातला कोरा फॉर्म काढला, उभा फाडला आणि आडवा फाडला. दोन वर्षांपूर्वीची ती मुलगी कुठे आहे ते तिनं आत शोधून पाहिलं; ती तिथेच होती, पण आज तीसुद्धा ओरडायला तयार होती.

“ऐका दोघंबी,” दामिनी म्हणाली. “मी यंदा पुण्याले पळत नाही. स्टँडमागच्या डॉक्टरची सही आणत नाही. उद्या आपण तिघं गार्गी मॅडमकडे जाऊ, पायाचा फोटो काढू, आणि मॅडम जे विचारंल ते आई सांगंल, पट्टीचंबी. पाय जुळंल आणि पाळी परत येईल, तोवर शर्यत नाही. पळणं सोडणार नाही मी, हे बी ऐकून ठेवा. आणि आत्ता मले दोन पोळ्या पाहिजे आणि भात पाहिजे, आणि घरात दूध असंल तर खीर. सकाळी मैदानावर जाईन. पळण्यासाठी नाही, सरले सांगाले.”

“काय सांगाले?” बाबांनी कानाशी हात नेला. “शेवटचं नाही ऐकू आलं.”

“हेच!” दामिनी आणखी मोठ्यानं म्हणाली, एवढ्या मोठ्यानं की गल्लीतले माग चालू असूनही पलीकडच्या घरापर्यंत गेलं असेल. “बाटली चिंचेखाली ठेवून देईन, आणि सरले कारण सांगीन! त्यांनी नाही विचारलं तरी सांगीन!”